मुंगी स्वतःहून गेली नाही

मी, खाली सही करणारी, वय एकावन्न वर्षे, धंदा लाँड्री, राहणार लाँड्रीच्याच वरच्या मजल्यावर, आज सकाळी कोणी बोलावलेलं नसताना ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, याच प्रकरणात मागच्या आठवड्यात माझा एक जबाब झालेला आहे. त्यातलं मुख्य वाक्य खोटं आहे. ते मीच सांगितलं होतं, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नव्हती. म्हणून हा दुसरा जबाब देत आहे.

लाँड्री माझी आणि माझ्या पतींची आहे. पुढे काउंटर, त्यामागे घड्या घालायची खोली आणि सगळ्यात मागे यंत्रं आणि इस्त्रीची टेबलं. इस्त्रीची खोली आणि घडीची खोली यांच्यामध्ये काचेची खिडकी आहे. घडीच्या खोलीतूनच वर घरात जायचा जिना निघतो. आम्ही हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, दवाखान्याचे कोट आणि गिऱ्हाइकांचे रोजचे कपडे घेतो. हॉटेलांचा माल पोचवायला आणि आणायला पती टेम्पो घेऊन जातात.

सदर मुलगी आमच्याकडे मागच्या वर्षी आली. तिचं खरं नाव तुमच्याकडे आहे. ती मुलांच्या संस्थेत वाढली आणि तिथे सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण अंगाने एवढीशी आणि सारखी काहीतरी उचलून नेताना दिसायची. आम्हीही तेच म्हणायला लागलो. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडावं लागतं. मुंगीला लहानपणापासून फिट येते, त्यामुळे तिला एकटीला सोडता येत नव्हतं. अशा मुलांसाठी संस्थेत जादा आधाराची सोय आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत एखाद्या घरात राहायचं, घरातल्या माणसांनी लक्ष ठेवायचं आणि संस्थेतल्या ताईंनी दर आठवड्याला येऊन बघून जायचं. आमची वरची एक खोली रिकामी होती. ताईंनी विचारलं आणि आम्ही हो म्हटलं. पती आधी हो म्हणाले, मी नंतर.

ताईंनी आम्हाला सगळं शिकवलं होतं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ चुकवायच्या नाहीत. गोळ्या एकदम बंद झाल्या तर जोराची फिट येते आणि ती जिवावर बेतू शकते. हे ताईंनी मला दोनदा सांगितलं होतं. इस्त्रीजवळ आणि गरम पाण्याजवळ तिला काम द्यायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पतींनी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आणि दारावर लाल-हिरव्या बाजूची पाटी लावली. पाटी उलटायला आमच्यात फक्त मुंगीच विसरत नसे.

ती कामाला चांगली होती. काउंटरवर कपडे घेणं, कॉलरला आतून आमच्या खुणेची पट्टी टाचणं आणि घड्या घालणं ही कामं तिच्याकडे होती. कपड्यांवरून ती माणसं ओळखायची. हा जेवताना बायकोशी भांडतो, बाही बघा. याची बढती झाली, आता रोज इस्त्रीला टाकतोय. असं काहीबाही बोलून ती मला हसवायची. फिट येऊन गेली की पहिली काही मिनिटं तिला काहीच आठवत नसे. येण्याआधीचंही पुसून जायचं. शुद्धीवर आली की विचारायची, "काकू, किती वेळ लाईट गेली होती?" आमच्याकडे तिला चार-पाच वेळाच फिट आली. येण्याच्या आधी तिला तोंडात लोखंडासारखी चव यायची. तेवढी सूचना मिळाली की ती हातातलं काम टाकून जमिनीवर बसून घ्यायची.

दोन महिन्यांपूर्वी माझी लेक तिच्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली. तिच्या घराच्या भिंतींना ओल आली होती आणि दुरुस्ती चालू होती. बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. मुंगीने तिची खोली आपणहून लेकीला दिली आणि स्वतः स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत झोपायला लागली. लेकीने मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं की, मुलगी चांगली आहे, पण बाळाला तिच्या हातात द्यायचं नाही. मी बरं म्हटलं. ताईंनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. बाळ घ्यायचं असेल तर मुंगीने खाली बसून, पाठ भिंतीला टेकवून घ्यायचं, उभ्याने नाही. मुंगी तसंच करायची. बाळ रडलं तर दुरून त्याच्याशी बोलायची. तिचा आवाज ऐकून ते गप्प व्हायचं, हेही लेकीला आवडत नसे.

ज्या दिवशी प्रकार घडला त्या दिवशी पती टेम्पो घेऊन बाहेर गेले होते. हॉटेलच्या चादरी दुपारपर्यंत द्यायच्या होत्या आणि निम्म्या राहिल्या होत्या. लेक अंघोळीला गेली होती. बाळ माझ्याकडे होतं. मी त्याला कडेवर घेऊन खाली आले होते आणि एका हाताने इस्त्री होत नव्हती.

बाळ मुंगीच्या हातात कोणी दिलं, असं विचारल्यावरून सांगते की, मी दिलं. ती घडीच्या खोलीत टॉवेल लावत उभी होती. ती म्हणाली, "काकू, मी बसते, मग द्या." मी म्हटलं, एवढं काय, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, धर. आणि दिलं. लेकीला कालपर्यंत असं वाटत होतं की, मुंगीने बाळ स्वतःच उचललं. मी तिला तसं वाटू दिलं.

मी इस्त्रीच्या खोलीत गेले. काचेतून मला दोघंही दिसत होती. मुंगी बाळाशी काहीतरी बोलत होती. मग तिचं बोलणं थांबलं. तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी चादर ओढत होते. हातातली इस्त्री ठेवून जाण्याइतका वेळ होता की नव्हता ते मला सांगता येणार नाही. तिने बाळाला धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर मधोमध ठेवलं. ठेवताना त्याच्या डोक्याखाली हात होता. तो हात तिने हळू काढून घेतला. मग ती मागे सरकली. बाळापासून लांब जाण्यासाठी सरकली, हे माझ्या स्पष्ट लक्षात आलं. दोन पावलं सरकली असेल आणि पडली. पडताना तिचा खांदा टेबलाला लागला. बाळ तोवर रडलंही नव्हतं. ती पडल्याचा आवाज झाला तेव्हा दचकून रडलं.

मी इस्त्री बंद करून आत जाईपर्यंत लेक जिन्यावरून धावत आली होती. तिला दिसलं ते असं की बाळ कपड्यांत पडून किंचाळतंय आणि शेजारी मुंगी जमिनीवर हातपाय झाडतेय. तिच्या जागी मी असते तर मलाही वेगळं काही वाटलं नसतं. लेकीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने जेवढं पाहिलं तेवढंच ती बोलली. जास्त पाहिलेलं माणूस मी होते.

मी मुंगीला कुशीवर वळवलं. ती शुद्धीवर आली तेव्हा लेक बाळाला छातीशी धरून तिच्यासमोर उभी होती. मुंगीने नेहमीसारखं लाईटचं विचारलं नाही. बाळाकडे बघितलं. लेक म्हणाली, "तुझ्या हातून पडलं माझं बाळ. नशीब, खाली टॉवेल होते." मुंगीला काही आठवत नव्हतं. तिला कधीच आठवत नसे, हे मला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. मी विस्कटलेले टॉवेल परत घडी करायला घेतले.

मी का बोलले नाही, असं हवालदारांनी विचारलं. बोलले असते तर बाळ कोणी दिलं हेही सांगावं लागलं असतं. त्या वेळी मनात एवढंच होतं. दुसरं काही होतं असं आता मागाहून सांगणार नाही.

दुपारी लेकीने बाळाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्याला काही झालेलं नव्हतं. तरी ती म्हणाली की, या घरात एक तर ती मुलगी राहील नाहीतर मी. संध्याकाळी पती परत आले. मुंगीला फिट आली एवढंच मी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पती माल घेऊन निघून गेल्यावर मी मुंगीला म्हटलं, "थोडे दिवस दुसरीकडे कुठे राहतेस का? इथलं जरा निवळू दे." माझे शब्द हेच होते. त्याचा अर्थ काय तो तिलाही कळला आणि मलाही. ताईंना फोन करू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आत्ता नको, मी बोलेन त्यांच्याशी. ताई आल्या असत्या तर काय घडलं ते नीट विचारत बसल्या असत्या, म्हणून मी नको म्हटलं. मी त्यांच्याशी बोलले नाही.

मुंगीने विचारलं की, बाळाला एकदा लांबून बघू का. मी म्हटलं, झोपलंय. ते जागं होतं. तिने तिची पिशवी भरली, काउंटरवरच्या राहिलेल्या कपड्यांना पट्ट्या टाचून ठेवल्या आणि गेली. संस्थेतली एक जुनी मैत्रीण उपाहारगृहात काम करते, तिच्याकडे जाते म्हणाली. कुठल्या उपाहारगृहात, ते मी विचारलं नाही.

गोळ्यांबद्दल विचारल्यावरून सांगते की, गोळ्यांचा डबा आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर असायचा. बाळ आल्यापासून लेकीने तो तिथे ठेवायला लावला होता. सकाळची गोळी मुंगीने घेतली होती. ती गेल्यानंतर बाळाची बाटली ठेवायला मी फळीकडे हात नेला आणि डबा दिसला. मी तो हातात घेऊन खिडकीशी गेले. आमच्या खिडकीतून समोर रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसतो. मुंगी तिथे उभी होती. खिडकी उघडी होती. तिथून हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. गिऱ्हाइकांना आम्ही रोज अशाच हाका मारतो. लेक मागे टेबलाशी बाळाला पाजत बसली होती. हाक मारायची म्हणजे मुंगी परत वर येणार, लेक काहीतरी बोलणार, मुंगी पुन्हा माझ्याकडे बघणार. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात येईल, स्वतःच येईल न्यायला. बस आली आणि ती चढली. डबा मी फळीवर ठेवून दिला.

ती परत का आली नाही हे मला नंतर दवाखान्यात कळलं. मैत्रीण ते काम सोडून दुसऱ्या गावी गेली होती. मुंगीच्या फोनची बॅटरी संपली होती. दिवसा ती सार्वजनिक वाचनालयात बसून राहायची आणि ते बंद झालं की स्थानकावरच्या बायकांच्या खोलीत जायची. गोळ्या मागायला ती एकदा आमच्या रस्त्यापर्यंत आली होती. वर खिडकीत लेक बाळाला घेऊन उभी दिसली, म्हणून मागे फिरली. तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दगडी पायऱ्यांवर तिला फिट आली. ती लवकर थांबली नाही. डोक्याला मार बसला आणि उजवा हात मनगटापाशी मोडला. तिच्याजवळ नाव-पत्ता असलेलं काही नव्हतं. अंगातल्या शर्टच्या कॉलरला आमच्या खुणेची पट्टी होती, त्यावरून तुमचे हवालदार दुकानात आले.

त्या दिवशी मी त्यांना जबाब दिला की, सदर मुलगी स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली, कुठे जाते ते तिने सांगितलं नाही. पती शेजारी उभे होते. हवालदार गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं की, तिचा डबा इथेच कसा. मी म्हटलं, विसरली असेल. लेकीने न्हाणीघराची कडी परत बसवून द्या म्हटलं होतं. ती त्यांनी बसवली नाही.

चार दिवसांनी ताई दुकानात आल्या. मुंगी शुद्धीवर आली होती आणि तिने पोलिसांना आणि संस्थेलाही हेच सांगितलं होतं की, मी स्वतःहून गेले, काकूंचा काही दोष नाही. ताई म्हणाल्या की, तिच्या या बोलण्यामुळे अडचण झाली आहे. ठरवून दिलेलं घर जर मुलाने आपल्या मर्जीने सोडलं, तर त्याला जादा आधार नको आहे असं धरलं जातं. मग खोली बंद, आठवड्याची भेट बंद, डॉक्टर आणि गोळ्या तिचं तिने बघायचं. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, आणि मुंगीचं सांगणं आणि माझा जबाब दोन्ही एकसारखे आहेत. ताईंनी माझ्यासमोर हात जोडल्यासारखं करून विचारलं, "काकू, त्या दिवशी खरंच काही घडलं नव्हतं?" मी नाही म्हटलं. त्या वेळी काउंटरवर एक गिऱ्हाईक उभं होतं, पण ते नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

काल दुपारी मी दुकान पतींवर सोपवून दवाखान्यात गेले. गोळ्यांचा डबा बरोबर नेला. तिथे त्याची गरज नव्हती, तिथल्या परिचारिका तिला वेळेवर गोळ्या देत होत्या. मुंगीचे केस एका बाजूने कापलेले होते आणि हात प्लास्टरमध्ये होता. मला बघून ती उठून बसायला लागली. मी काही बोलायच्या आधी तिने विचारलं, "तो बरा आहे ना? डोक्याला काही झालं नाही ना त्याच्या?"

मी म्हटलं, त्याला काहीच झालेलं नाही. ती म्हणाली की, तिला रोज झोप लागताना तो पडताना दिसतो. तिने त्याला पडताना पाहिलेलं नव्हतं. कोणीच पाहिलेलं नव्हतं. तो पडलाच नव्हता.

मग मी तिला सांगितलं. "तू त्याला खाली ठेवलंस. डोक्याखाली हात धरून ठेवलंस आणि मग लांब झालीस. मी काचेतून बघत होते."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला बसायला स्टूल पुढे केलं, पण मी बसले नाही. मग मुंगी म्हणाली, "तेव्हाच का नाही बोललात?" आवाज चढवून नाही, काउंटरवर गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, पोलिसांकडे जाऊन सांगते. ती म्हणाली, कशाला, तुमच्या घरात भांडणं होतील. मी म्हटलं, होऊ देत.

घरी येऊन मी पती आणि लेक दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पती उठून खाली दुकानात गेले. यंत्रं बंद होती तरी ते बराच वेळ खालीच होते. लेक आधी म्हणाली की, आता ठाण्यात जाऊन काय मिळणार, ती मुलगी वाचली ना. थोड्या वेळाने म्हणाली, "मी तिला तोंडावर तसं बोलले, आई. तू बोलू दिलंस." आज सकाळी मी निघाले तेव्हा ती तिचं सामान बांधत होती. तिच्या घराची दुरुस्ती अजून झालेली नाही.

इथे येण्याआधी मी ताईंना फोन करून खरं काय ते कळवलं आहे. या जबाबाची प्रत समितीपुढे ठेवली तर मुंगीचा आधार चालू राहील असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून प्रत द्यावी अशी माझी विनंती आहे. आमच्या घरात यापुढे कोणाला ठेवलं जाणार नाही, हे मला मान्य आहे. एक निवृत्त परिचारिका मुंगीला ठेवून घ्यायला तयार आहेत. मुंगीला विचारलं होतं की, परत लाँड्रीत जायचं आहे का. ती नको म्हणाली. हे ताईंनी मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांनी सांगितलं.

मुंगी स्वतःच्या मर्जीने गेली नाही. मी तिला घालवलं, आणि तिच्या गोळ्या माझ्या हातात असताना तिला जाऊ दिलं. याबद्दल कायद्याने जे काही असेल ते मला सांगावं. 

हवालदारांनी हा जबाब मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. घडीच्या खोलीतल्या प्रसंगाच्या ठिकाणी त्यांनी ‘बाळाला टॉवेलांच्या ढिगावर मधोमध टाकलं’ असं लिहिलं होतं. मी त्यांना तिथे थांबवलं. ‘टाकलं’ खोडून ‘ठेवलं’ हा शब्द घालायला लावला आणि खोडलेल्या जागी माझी सही केली. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे आणि ते खरं आहे.